दोन कडव्यांमधली जागा

दौंड–मनमाड मार्गावर श्रीरामपूर मागे पडलं की आधी चितळी येतं आणि मग पुणतांबा. गोदावरीकाठचं हे गाव महाराष्ट्राला चांगदेवांच्या समाधीमुळे माहीत आहे. १२ जानेवारी १९१८ रोजी याच गावात रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. हिंदी चित्रपटांत ते सी. रामचंद्र झाले आणि गायक म्हणून रेकॉर्डवर नुसतं ‘चितळकर’ छापलं जाऊ लागलं. आमच्या भागात त्यांचा विषय निघाला की ‘अनारकली’ निघतो, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायलेलं ते देशगीत निघतं. निघायलाच हवं. पण मी क्लॅरिनेट वाजवणारा माणूस. माझा कान वेगळ्या ठिकाणी जातो. पहिलं कडवं संपलं आहे, दुसरं अजून सुरू झालेलं नाही, आणि मध्ये कुणीतरी ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन तोंडाला लावून पाच-दहा सेकंदांत आपलं सगळं सांगून जातो. बँडवाले त्याला ‘पीस’ म्हणतात. हे पीस ऐकून स्वर न् स्वर कागदावर उतरवणं हा माझा बरीच वर्षं चाललेला अभ्यास आहे.

जॅझच्या दुनियेत हीच शिकण्याची मोठी वाट आहे. रेकॉर्डवरचा सोलो कानाने घ्यायचा, गाऊन पाहायचा, वाद्यावर बसवायचा, लिहायचा आणि मग त्या वादकाने तिथे तसं का केलं असेल याचा शोध घ्यायचा. माझं म्हणणं असं आहे की नगर जिल्ह्यातले लग्नाच्या बँडचे मास्तर हेच शिक्षण घेत होते. त्यांच्या आणि जॅझ वाजवणाऱ्या शिकागोच्या मधे मुंबई होती, गोव्याची माणसं होती आणि पुणतांब्याचे चितळकर होते. ही साखळी कुठल्या संगीतविद्यालयाच्या इतिहासात सापडत नाही. ती रेकॉर्डवरून कानात आणि कानातून बोटांत अशी आली.

चितळकरांची तालीम पूर्णपणे आपल्या पठडीतली. नागपूरला शंकरराव सप्रे, पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन. मग सिनेमात नट व्हायची धडपड, सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमची साथ, आणि १९४२ साली मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’चं संगीत. ज्या मुंबईत ते उभे राहत होते ती मुंबई तेव्हा जॅझ ऐकत होती. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी तिथे वाजवलं. त्यांच्या शेजारी बसून वाजवणारे, त्यांचं ऐकून घेणारे बहुतेक वादक गोव्याचे होते.

गोव्याच्या या माणसांबद्दल मला फार आदर आहे. चर्चला जोडलेल्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, त्यांना लहानपणीच सोलफेज (स्वर नावांनी गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. पाश्चात्त्य स्वरलिपी ते वर्तमानपत्रासारखी वाचत. पण जॅझ कागदावर येत नव्हता. छापील प्रतीत चाल असे, सोलो नसे. चार मात्रांत दोन-दोन स्वर समान लिहिलेले असतात आणि वाजवताना पहिला लांब, दुसरा आखूड होतो. स्वराच्या शेवटी तो ओघळत खाली येतो. गंधार कोमल असतो न असतो. हे कुठे लिहिणार? म्हणून वाचनात तयार असलेल्या या वादकांनाही ग्रामोफोनपुढे बसून कानानेच शिकावं लागलं. आल्दोना गावचा अंतोनिओ झेवियर वाझ त्यांतलाच एक. जन्म १९१६. मुंबईने त्याला ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखलं आणि भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटलं.

चिक चॉकलेट आणि चितळकर यांची गाठ पडली ही हिंदी सिनेसंगीतातली फार मोठी घटना आहे असं मी मानतो. एकाकडे हार्मोनियम आणि सरगम, दुसऱ्याकडे ट्रंपेट आणि पाच रेघा. त्या काळच्या म्युझिक रूममध्ये संगीतकार चाल गाऊन दाखवत असे आणि गोव्याचा सहायक पेन्सिलीने ती पाश्चात्त्य स्वरलिपीत टिपून घेत असे. म्हणजे आपल्या सिनेसंगीताच्या रोजच्या कामातच हे ऐकून लिहिणं बसलेलं होतं. १९४७ च्या ‘शहनाई’तलं रविवारचं ते गाणं, १९५० च्या ‘समाधी’तलं लताबाई आणि अमीरबाई कर्नाटकींचं द्वंद्वगीत, १९५१ चा ‘अलबेला’, १९५७ च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’, ही गाणी त्या खोल्यांतून आली. ‘समाधी’तल्या गाण्याचं मूळ १९४५ च्या ‘डॉल फेस’ या अमेरिकन चित्रपटात कारमेन मिरांडाने गायलेल्या गाण्यात आहे हे सर्वांना माहीत आहे. त्यावरून चितळकरांना दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. चाल उचलणं सोपं. त्या चालीभोवतीचा लयीचा झोका आपल्या वादकांच्या हातून येणं हे वर्षांचं काम होतं, आणि ते आधीच होऊन गेलेलं होतं.

बाहेर काय चाललं होतं तेही थोडक्यात सांगतो. जॅझची पहिली रेकॉर्ड १९१७ सालची. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावात बिक्स बायडरबेक नावाचा मुलगा अशा रेकॉर्डी घरच्या ग्रामोफोनवर लावून, वेग कमी करून, कॉर्नेटवर वाजवायला शिकला. १९२७ साली शिकागोच्या मेलरोज या प्रकाशकांनी आर्मस्ट्राँगच्या सोलोंची दोन पुस्तकं काढली. त्याला सिलिंडरवर वाजवायला लावलं आणि एल्मर शोबेल या पियानोवादकाने ते ऐकून लिहिलं. १९३७ च्या उन्हाळ्यात सोळा-सतरा वर्षांचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर मिझुरीच्या डोंगरभागातल्या एका सुट्टीच्या ठिकाणी वाजवायला गेला तेव्हा लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाच्या रेकॉर्डी बरोबर घेऊन गेला. परत आला तेव्हा ते सोलो त्याच्या बोटांत होते. पुढे याच पार्करचे सोलो लिहून काढण्यात पिढ्या गेल्या. टॉमस ओवेन्स यांनी १९७४ च्या प्रबंधासाठी त्याचे सुमारे अडीचशे सोलो उतरवले आणि त्यांतून पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंभरेक स्वराकृती वेगळ्या काढल्या. १९७८ साली ‘चार्ली पार्कर ऑम्निबुक’ छापून आलं. सॅक्सोफोन शिकणाऱ्या जगभरच्या मुलांच्या स्टँडवर ते आजही असतं.

मला मात्र सगळ्यांत जवळचा वाटतो तो न्यूयॉर्कचा अंध पियानोवादक लेनी ट्रिस्टानो. तो विद्यार्थ्याला आधी लेस्टर यंगचा सोलो गायला लावायचा. रेकॉर्डबरोबर आणि मग रेकॉर्डशिवाय. गळ्यात बसल्याखेरीज वाद्य हातात घ्यायचं नाही. आपल्याकडच्या कुठल्याही गवयाला हे सांगा, तो म्हणेल, यात नवीन काय?

खरंच आहे. १९३३ साली अकरा वर्षांचा भीमसेन जोशी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून घराबाहेर पडला. कुमार गंधर्वांची गोष्ट तर जॅझवाल्यांच्या अगदी शेजारची आहे. शाळकरी वयात ते मोठ्या गवयांच्या तीन-तीन मिनिटांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गात. खटके, मुरक्या, श्वास घेण्याच्या जागासुद्धा. मुंबईत देवधर मास्तरांकडे आल्यावर त्यांचं पुढचं गाणं घडलं आणि ते कुणाच्याच सारखं राहिलं नाही. नक्कल करणारा पुढे स्वतःचं काही करत नाही असं म्हणणाऱ्यांना मी कुमारजी आणि पार्कर यांची नावं सांगतो. फरक एकच. आपल्याकडे अशी उचल लपवण्याची रीत होती. गुरू जिवंत असताना तबकडीवरून शिकलो म्हणणं कमीपणाचं वाटे. अमेरिकेतल्या वादकांनी ते उघडपणे केलं, लिहिलं, छापलं आणि त्याचा अभ्यासविषय बनवला. याबाबतीत त्यांचं चुकलं नाही.

माझे अण्णा श्रीरामपुरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. लग्नसराईत परण्या निघायचा तो मारुतीच्या देवळाकडे, आणि सोबत लोकांना नवं गाणं हवं असायचं. जुनं वाजवलं तर दुसऱ्या वर्षी सुपारी दुसऱ्या बँडला. त्यामुळे गाणं आलं की चार दिवसांत बसलं पाहिजे. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागायची. हॉटेलात रेडिओखाली उभं राहून अण्णा आणि त्यांचे सोबती मुखडा एका ऐकण्यात घ्यायचे, अंतरा दुसऱ्यात. पीस मात्र हातातून निसटायचा. शब्द नसल्यामुळे त्याला धरायला काही नसतं.

यावर त्यांनी उपाय शोधला तो लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीत. लग्नात कर्णे लावणाऱ्यांकडे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या रेकॉर्डींनी भरलेल्या पेट्या आणि चावीचा ग्रामोफोन असे. चातुर्मासात लग्नं बंद, म्हणजे पेट्याही घरी पडलेल्या. त्या दिवसांत अण्णा रेकॉर्डी मागून आणायचे. चावीच्या ग्रामोफोनला वेग कमी-जास्त करायचा एक काटा असतो. तो मागे सरकवला की गाणं संथ होतं आणि स्वर खाली उतरतो. अण्णा आपला ‘सा’ त्याबरोबर खाली न्यायचे, पीस धरायचे, आणि वहीत देवनागरी सरगम लिहायचे. कोमल स्वराखाली रेघ, तार सप्तकाच्या स्वरावर टिंब, ही भातखंड्यांची चिन्हं त्यांना एका भजनी मंडळातल्या पेटीवाल्याने दाखवली होती. डॅव्हनपोर्टच्या त्या मुलाचं नाव त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं आणि काम तेच करत होते.

त्यांच्या वह्या मी आज वाचतो तेव्हा दोन गोष्टी दिसतात. पहिली, पट्टी बदललेली आहे. ट्रंपेट आणि नेहमीची क्लॅरिनेट यांचा स्वतःचा ‘सा’ काळी पाचला बोलतो. गाणं आडवळणाच्या पट्टीत गायलं असेल तर वादकाला बोटांची अडचण होते, म्हणून बँडमध्ये सगळं सोयीच्या दोन-तीन पट्ट्यांत ओढून घेत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मूळ पिसातला तो लांब-आखूड झोका वहीत सपाट झाला आहे. खाली साइड ड्रमवर केरवा चालायचा आणि केरव्याने तो झोका आपल्यात मुरवून घेतला. काही जण याला बिघाड म्हणतील. मी म्हणत नाही. शिकागोतून निघालेला स्वर श्रीरामपूरच्या वरातीत पोचेपर्यंत इथला होऊन गेला होता, आणि तो कुठल्या वळणावर इथला झाला हे मूळ पीस आणि वहीतला पीस शेजारी-शेजारी ठेवल्यावर नेमकं दाखवता येतं. लिहून काढण्याचा सर्वांत मोठा लाभ माझ्या लेखी हा आहे.

माझ्या पिढीच्या हाती कॅसेट आली. सेल उतरत आले की टेप हळू चालायची आणि आवाज जाड व्हायचा. इतरांना तो त्रास वाटे, मला तेच सेल हवे असत. नंतर चार वेगांचा रेकॉर्ड प्लेअर मिळाला. तेहतीसची लाँगप्ले सोळावर लावली की वेग निम्मा होतो आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली येतो, म्हणजे पट्टी बदलत नाही. अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावली की मात्र स्वर सुमारे साडेनऊ अर्धस्वरांनी उतरतो. दोन पट्ट्यांच्या बरोबर मधल्या फटीत. पेटीवर तो ‘सा’ सापडतच नाही. तिथे तानपुऱ्यासारखं स्वतःच्या गळ्याने ‘सा’ धरून ठेवावा लागतो. आता मोबाइलवर स्वर न बदलता वेग निम्मा करता येतो. मुलं ते वापरतात, मीही वापरतो. एखादी मुरकी तीन स्वरांची आहे की चार, याचा निकाल त्याने चटकन लागतो. पण पूर्ण वेगात गाता येईपर्यंत मी कुणालाही पेन्सिल उचलू देत नाही. संथ केलेल्या आवाजात स्वर सापडतात, लय सापडत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण मला जॅझचं दार त्याने उघडून दिलं. आर्मस्ट्राँगची ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही रेकॉर्ड २८ जून १९२८ ची. किंग ऑलिव्हरची रचना, पट्टी काळी दोन. सुरुवातीला एकटा ट्रंपेट वाजतो, बारा-तेरा सेकंद, खाली ठेका नाही. हे कुठल्या मात्रांत लिहायचं? मी मात्रा मांडण्याचा नाद सोडला आणि आलाप लिहितो तसं लिहिलं, म्हणजे फक्त स्वर आणि थांबे. मग तो सरळ वाचता आला. पुढे बारा बारांचा ब्लूज सुरू होतो. एका बारात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. त्रितालाची तीन आवर्तनं! ब्लूज गाणारे पहिली ओळ पहिल्या आवर्तनात म्हणतात, दुसऱ्यात तीच पुन्हा, आणि तिसऱ्यात तिला उत्तर देतात. हे लक्षात आल्यावर ब्लूज मला कधी परका वाटला नाही.

तिसऱ्या फेरीत जिमी स्ट्राँगची क्लॅरिनेट एक वाक्य बोलते आणि आर्मस्ट्राँग शब्दांशिवाय, गळ्याने, तिला जबाब देतो. क्लॅरिनेट साधी आहे, चारचौघांत बोलावं तशी. आणि त्या साधेपणामुळेच तो आवाज मोकळा फिरू शकतो. मी दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहिले तेव्हा कळलं की क्लॅरिनेट जिथे थांबते तिथे आवाज सुरू होतो आणि आवाजाच्या शेवटच्या स्वरावर क्लॅरिनेट पुन्हा पाय ठेवते. साथ कशी करावी याचा याहून चांगला धडा मला कुणी दिला नाही. मग अर्ल हाइन्सचा पियानो, आणि शेवटच्या फेरीत आर्मस्ट्राँग तार पंचम लावतो आणि जवळजवळ चार बार तो सोडत नाही. त्रितालाचं जवळपास अख्खं आवर्तन एका स्वरावर. त्यानंतर जे स्वरांचे घोस खाली येतात त्यांची ताकद त्या थांबण्यात आहे. कागदावर तो पंचम म्हणजे एक अक्षर आणि पुढे अवग्रहांची रांग. माझ्या विद्यार्थ्यांना मी ती रांग श्वास न तोडता गायला लावतो.

हे सगळं आर्मस्ट्राँगबद्दल सांगता येतं कारण त्या रेकॉर्डवर कोण-कोण वाजवत होतं याची नोंद आहे. शार्ल दलोने या फ्रेंच माणसाने १९३६ सालीच जॅझ रेकॉर्डींची वादकांच्या नावांसकट सूची छापली. आपल्याकडे तबकडीवर चित्रपट, गायक आणि संगीत दिग्दर्शक यांची नावं आली. वादकांची आली नाहीत. ज्या माणसाने दहा सेकंदांत गाणं उचलून धरलं, त्याचं नाव त्याच्या घरच्यांनाच माहीत. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या सिनेवादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक केलं आणि नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ च्या सुमारास आलं, तेव्हा यांतल्या कित्येकांना पहिल्यांदा पुस्तकाच्या पानावर जागा मिळाली. त्याआधीच यांतले अनेक जण वारले होते. चिक चॉकलेट तर १९६७ सालीच गेला. चितळकर ५ जानेवारी १९८२ रोजी गेले. त्यांचं ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र १९७७ चं आहे आणि संगीताचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ते वाचावं.

नावं नसताना उरतो तो हात. आठ-दहा पीस लिहून शेजारी ठेवले की हात ओळखू येऊ लागतो. एक ट्रंपेटवाला स्वराच्या किंचित खालून वर येतो, दुसरा थेट स्वरावर उतरतो. एक वाक्य संपवताना स्वर ओघळू देतो, दुसरा झटकन तोडतो. ओघळ दाखवायला भातखंडे पद्धतीत चिन्ह नाही, म्हणून मी स्वरापुढे उतरती तिरपी रेघ काढतो. कोमल आणि शुद्धच्या मधल्या गंधाराला खाली कोमलची रेघ आणि वर छोटा बाण. पाच रेघांच्या लिपीतही यासाठी बाहेरूनच चिन्हं आणावी लागतात, त्यामुळे आमची सरगम कुठे कमी पडते असं मला वाटत नाही.

माझ्या वहीत प्रत्येक पिसाच्या वर चित्रपट, साल, पट्टी आणि वाद्य असतं. शेवटचा रकाना वादकाचा. ‘अलबेला’तल्या एका गाण्यात चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर दिसतो, झालरीच्या बाह्यांचा सदरा घालून. तिथेही मी त्याचं नाव पेन्सिलीनेच लिहिलं आहे, कारण पडद्यावर दिसणारा आणि ध्वनिमुद्रणात वाजवणारा एकच असेल हे गाणं पाहून सिद्ध होत नाही. ते हातावरून सिद्ध करायचं आहे. त्यासाठी त्याने स्वतःच्या बँडसोबत काढलेल्या नाचाच्या रेकॉर्डींतले सोलो लिहायला घेतले आहेत, आणि दोन विद्यार्थी मदतीला आहेत. एक ट्रंपेट वाजवतो, दुसरी हार्मोनियम.